मानवेलाची जॉयस्टिक

माळ्यावर पडलेला जुना टीव्हीगेम बहुतेक वेळा मेलेला नसतो. मेलेली असते ती त्याची जॉयस्टिक. डब्याच्या आत हलणारं फारसं काही नाही: एक-दोन चिपा, थोडे कपॅसिटर, एक क्रिस्टल आणि कॅसेट खोचायची खाच. जॉयस्टिकवर मात्र वर्षानुवर्षं अंगठे आपटलेले असतात, तिची वायर भावंडांनी दोन्हीकडून ओढलेली असते, कॉन्ट्रात शेवटचं लाइफ गेल्यावर ती फरशीवर आदळलेली असते. मग एक दिवस मारिओ फक्त डावीकडेच चालतो, उडी मारत नाही, आणि घरचे म्हणतात, गेम खराब झाला. डबा माळ्यावर जातो.

तो खाली उतरवा. नवी जॉयस्टिक पार्सलने मागवता येते, पण येते ती इतकी हलकी आणि पोकळ की हातात धरायला जीव होत नाही. गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीत राहणाऱ्याकडे त्याहून चांगला माल आहे. आसपास मानवेल आहे, सुताराकडे सागाचे तुकडे आहेत, घरात तुटलेली चप्पल आहे. इलेक्ट्रॉनिक्सचं लागतं ते इतकं थोडं की गडचिरोली, चंद्रपूर किंवा नागपूरला कामाला जाणाऱ्या कुणाच्याही खिशात मावेल.

आत काय असतं

समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं लावून आपल्याकडे आलेले हे डबे मुळात एकाच यंत्रावर बेतलेले. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला जपानात विक्रीला आला. मासायुकी उएमुरा हे त्याचे मुख्य अभियंते. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, म्हणजे आपला जिल्हा या यंत्राहून जेमतेम वर्षभराने मोठा. आठ बिटांचा प्रोसेसर, आणि जॉयस्टिकवर आठच बटणं: वर, खाली, डावी, उजवी, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट.

पण जॉयस्टिकच्या वायरीत तारा मात्र पाचच. त्यातल्या दोन वीज पुरवण्यात जातात. उरलेल्या तीन तारांवर आठ बटणांची खबर कशी जाते, हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. शाळेतल्या हजेरीसारखा प्रकार असतो. डबा एका तारेवरून हुकूम देतो, "जसे असाल तसे थांबा"; ती लॅच. दुसऱ्या तारेवरून एकेक टिचकी मारतो, ती क्लॉक. प्रत्येक टिचकीला एकेक बटण तिसऱ्या तारेवरून आपली हजेरी सांगतं, ती डेटा. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावी, उजवी. ही हजेरी साधारणपणे पडद्याच्या प्रत्येक चित्राला एकदा, म्हणजे सेकंदाला ५० किंवा ६० वेळा घेतली जाते. हे काम करणारी मूळ जॉयस्टिकमधली चिप म्हणजे ४०२१, आठ बिटांचं शिफ्ट रजिस्टर. ती काही गुपित चिप नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सीडी ४०२१ मागितलं की मिळते. स्वस्त जॉयस्टिकांत तिच्याऐवजी काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकलेली चिप असते, पण बोलते तीच भाषा.

म्हणून ही वस्तू घरी पूर्ण करता येते. मोबाइलच्या आतलं काही घरी करून दाखवा म्हटलं तर कुणाला जमणार?

जमवाजमव

४०२१ चिप आणि तिच्यासाठी १६ पायांचा आयसी बेस. १० किलोओहमचे आठ रेझिस्टर, १ किलोओहमचा एक. १०४ असं छापलेला चपटा सिरॅमिक कपॅसिटर एक. ठिपक्यांचा पीसीबी, काडेपेटीहून थोडा मोठा. पत्तीचे मायक्रोस्विच चार. १२ मिलिमीटरचे टॅक्ट स्विच दोन. दारावरच्या घंटीचे बेल पुश दोन. हे पुश एटापल्लीतच इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतील. रंगीत बारीक वायर, २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री, सोल्डर, आणि एक साधा मल्टिमीटर. मल्टिमीटरवर कंजुषी करू नका. बीप वाजवणारा घ्या.

शिवाय जुनी मेलेली जॉयस्टिक. ती फेकायची नाही, तिचा प्लग आणि वायर हवी आहे.

लाकडाचं सामान: बोटभर जाडीचा भरीव मानवेल हातभर, कांबी काढायला कटांगाचा एक तुकडा, सुताराकडचे सागाचे उरलेसुरले पट्टे, ६ मिलिमीटरचा प्लाय. हवाई चप्पल एक, जाड तळव्याची. आणि लाकडी भोवरा.

बांबू

जंगलात जाऊन तोडू नका. बुरडाकडे सूप-टोपल्या विणून उरलेले बुंध्याकडचे तुकडे असतात. विणकामाला ते कामाचे नसतात आणि आपल्याला नेमके तेच हवेत. मानवेल बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो, कटांग पोकळ आणि जाड भिंतीचा. दांडीला मानवेल, कांबींना कटांग.

(हातभर बांबू इकडून तिकडे नेणं हीसुद्धा या जिल्ह्यात साधी गोष्ट नव्हती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकून बाहेर पाठवायचा तर वाहतुकीचा पास वनखात्याच्याच हाती होता. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासाचा अधिकार ग्रामसभेकडे आला. तेव्हा ग्रामसभेकडून किंवा बुरडाकडून विकत घेतलेला बांबू वापरा आणि निश्चिंत राहा.)

पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला बांबू मागा. पावसाळ्यातल्या बांबूत पिठूळ सत्त्व जास्त असतं आणि त्याच्यामागे भुंगेरे लागतात. वर्षभराने जॉयस्टिकखाली पिवळट भुकटी सांडलेली दिसली की समजायचं, आत कुणीतरी जेवतंय. ते टाळायला एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम टाकणखार आणि २० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. टाकणखार सोनाराकडे असतो, डाग द्यायला तो वापरतातच. बोरिक पावडर मेडिकलमध्ये. पूर्वी कॅरमवर टाकायचो तीच. पाणी कोमट घेतलं तर लवकर विरघळतं. बांबू आधी मापाने कापून, कांबी फाडून मग बुडवा, कारण अखंड बांबूच्या हिरव्या सालीतून औषध आत जात नाही. चार-पाच दिवस बुडालेला राहू द्या, वर दगड ठेवा. नंतर सावलीत वाळवा, उन्हात ठेवाल तर तडकेल. हे पाणी गुराढोरांच्या आणि लहान मुलांच्या वाटेत ठेवू नये, विहिरीजवळ ओतू नये.

वाळायला पंधरवडा धरा. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडची वाट बंद पडते त्या दिवसांत इथल्या हवेत कपडे वाळत नाहीत, बांबू कुठला वाळायला.

पेटी आणि वरची पाटी

सागाच्या पट्ट्यांची बिनतळाची चौकट करा: लांबी ३० सेंटिमीटर, रुंदी १८, उंची ७. कोपऱ्यांना फेव्हिकॉल आणि स्क्रू. वर ६ मिलिमीटरचा प्लाय, खाली तसाच दुसरा, पण खालचा फक्त स्क्रूंनी. तो पुनःपुन्हा उघडावा लागणार आहे. पेटी जड झाली तर चांगलंच. मांडीवर घेऊन खेळताना हलकी पेटी दांडीबरोबर नाचते.

वरच्या पाटीवर भोकं पाडून मगच कांबी चिकटवा. डावीकडे दांडीसाठी १८ मिलिमीटरचं भोक. उजवीकडे दोन बटणांसाठी २२ मिलिमीटरची दोन, मध्यापासून मध्यापर्यंत ३५ मिलिमीटर अंतर ठेवून; डावं बी, उजवं ए. बेल पुश वरच्या कडेला, मध्यभागी, चुकून हात लागणार नाही असे. लेझर कटिंगची सोय असेल तर पाटी अगदी मापात निघते (पुण्याजवळ पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे, तिथली मुलं असली कामं सहज करतात), पण गिरमिट, कानस आणि काचपेपर यांनीही हे उत्तम होतं. दांडीचं भोक मात्र गोलच हवं आणि मापातच हवं. का, ते पुढे.

दांडी

या सगळ्यात खरी गंमत इथे आहे. या डब्यांवरही दिसणारा नऊ पिनांचा प्लग ज्या अटारी २६०० ने १९७७ मध्ये घरोघर नेला, तिच्या जॉयस्टिकमध्ये दांडी परत मधोमध आणायला प्लास्टिकचीच लवचीक रचना होती. पार्लरमधल्या यंत्रांत स्प्रिंग असे. आपल्याकडे चप्पल आहे. अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये काड्या खोचून भूमिती शिकवली, तेव्हापासून या देशात रबराच्या तुकड्याला कमी लेखायचं कारण उरलेलं नाही.

चपलेच्या तळव्यातून, टाचेकडच्या जाड भागातून, ८ सेंटिमीटरचा चौरस कापा. मध्यभागी १० मिलिमीटरचं भोक. मानवेलाची दांडी तासून, घासून १२ मिलिमीटरची करा, लांबी १२ सेंटिमीटर. १० च्या भोकात १२ ची दांडी दाबून बसवायची. साबणाचं पाणी लावलं की सरकते, वाळलं की घट्ट धरते. दांडी रबराखाली साधारण साडेतीन सेंटिमीटर उतरली पाहिजे. रबराच्या लगेच वर आणि लगेच खाली दांडीत आडवं बारीक भोक पाडून तारेचा तुकडा ओवा, म्हणजे दांडी वर-खाली निसटणार नाही. पाटीच्या खालच्या बाजूला हा चौरस चारही कोपऱ्यांत वॉशर लावून स्क्रूने आवळा. दांडी १८ च्या भोकाच्या नेमकी मध्ये यायला हवी.

आता हलवून पाहा. दांडी भोकाच्या कडेला टेकली की थांबते आणि सोडली की आपोआप मध्ये येते. भोक मोठं ठेवलं तर दांडी फार कलते, रबर लवकर सैल होतं आणि कॉन्ट्रात वळायला उशीर होऊन गोळी लागते. लहान ठेवलं तर स्विच दाबले जात नाहीत. चौकोनी नको, कारण कर्णाच्या दिशेने दांडी गेली की दोन स्विच एकदम दाबले जावेत, पण अती खोल जाऊ नयेत.

दांडीचं खालचं टोक चारी बाजूंच्या मायक्रोस्विचना टेकायला हवं. १० सेंटिमीटर चौरस प्लायच्या मध्यभागी ३० मिलिमीटरचं भोक पाडा, त्याभोवती चार स्विच पत्ती आत करून बसवा, आणि हा तुकडा चार लांब स्क्रूंवर पाटीपासून लटकवा, दांडीचं टोक त्या भोकात येईल इतक्या खोलीवर. पत्ती आणि दांडी यांच्यात तीन मिलिमीटर फट ठेवा. लांब स्क्रूला नट लावले की हे अंतर नंतरही जुळवता येतं.

एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची: दांडी वरून डावीकडे गेली की खालचं टोक उजवीकडे जातं. म्हणजे उजवीकडचा स्विच "डावी"चा, डावीकडचा "उजवी"चा, पुढचा "खाली"चा. तारा जोडायच्या आधीच स्विचवर पेनने नावं घाला.

शेवटी भोवरा. खिळा पकडीने उपसून काढा, खिळ्याचं भोक १० मिलिमीटरचं करा, दांडीचं टोक थोडं तासून त्यात फेव्हिकॉल लावून बसवा. भोवऱ्याचा फुगीर भाग वर येतो आणि तळहातात असा बसतो की बाजारातला प्लास्टिकचा गोळा त्यापुढे काहीच नाही.

दांडीला विरोध करणारेही आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. फॅमिकॉमच्या पाठोपाठ सगळीकडे पसरलेला अधिक-चिन्हाचा चपटा पॅड गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये हातातल्या डाँकी काँग खेळासाठी काढला, आणि मारिओ खरं तर त्याच पॅडसाठी आहे: अंगठा हलवायचा, मनगट नाही. टँकचा खेळ, सर्कस चार्ली, रोड फायटर हे दांडीवर जास्त रंगतात. पॅडच हवा असेल तर दांडीऐवजी चार टॅक्ट स्विच अधिकच्या आकारात बसवा. बाकी सगळं तेच.

बटणं

मानवेलाच्या भरीव भागाच्या २० मिलिमीटर व्यासाच्या, ८ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापा. इतका जाड भरीव तुकडा मिळाला नाही तर सागाच्या चालतात. खालच्या बाजूला २८ मिलिमीटरची प्लास्टिकची चकती चिकटवा, म्हणजे बटण भोकातून वर उडून जाणार नाही. खाली एका प्लायच्या पट्टीवर टॅक्ट स्विच, त्याच्या टोकावर ही चकती टेकलेली. २० च्या चकतीला २२ चं भोक म्हणजे चहूबाजूंनी एक मिलिमीटर मोकळा. उन्हाळ्यात तो जास्त वाटेल, ऑगस्टमध्ये त्याची किंमत कळेल.

टर्बो बटण लावू नका. धरून ठेवलं की आपोआप गोळ्या सुटतात, मान्य, पण मग अंगठा कशाला हवा?

जोडणी

आयसी बेस पीसीबीवर सोल्डर करा, चिप शेवटी खोचा. खाच डावीकडे ठेवून पाहिलं तर खालच्या रांगेत डावीकडून १ ते ८, वरच्या रांगेत उजवीकडून ९ ते १६.

१६ ला ५ व्होल्ट, ८ ला ग्राउंड, दोघांच्या मधे १०४ चा कपॅसिटर, चिपच्या शक्य तितका जवळ. ११ ग्राउंडला. ९ लॅच, १० क्लॉक, ३ डेटा. डेटाच्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. तारा उलटसुलट लागल्या तर तो चिप वाचवतो. २ आणि १२ मोकळे.

बटणं अशी: १ ला ए, १५ ला बी, १४ ला सिलेक्ट, १३ ला स्टार्ट, ४ ला वर, ५ ला खाली, ६ ला डावी, ७ ला उजवी. या प्रत्येक पायाकडून एक १० किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टला जातो आणि स्विच ग्राउंडला. बटण मोकळं असताना पायावर ५ व्होल्ट, दाबलं की शून्य. दाबलेलं म्हणजे शून्य, हे सुरुवातीला उलटं वाटतं, पण डब्याला तेच अपेक्षित आहे. बेल पुशचे पितळी पाय काळे पडलेले असतील तर काचपेपरने घासून घ्या. ते घरच्या विजेसाठी बनवलेले असतात, एवढ्याशा प्रवाहाला मळका संपर्क चालत नाही.

टीव्हीगेमला जोडण्याआधी तीन पेन्सिल सेलवर तपासा. साडेचार व्होल्टवर चिप आनंदाने चालते. ९ ला प्लसला धरा, १० ला ग्राउंडला, आणि मल्टिमीटर ३ वर. ए दाबला की आकडा शून्याजवळ यावा, सोडला की परत वर जावा. मग बाकीच्या सात पायांवर एकेक करून व्होल्टेज पाहा आणि ते ते बटण दाबा. लाइन गेलेली असली तरी हे काम थांबत नाही, म्हणून सोल्डरिंग दिवसा उरकून तपासणी रात्रीसाठी ठेवावी.

प्लग

जुन्या जॉयस्टिकची वायर बहुधा पेटीत शिरते तिथेच तुटलेली असते. तेवढा भाग कापून टाका, उरलेली वायर चालते. तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कारखान्याने आपापले रंग लावलेत. बीपने पिन आणि तार यांची जोडी लावा. नऊ पिनांच्या बहुतेक डब्यांत २ डेटा, ३ लॅच, ४ क्लॉक, ६ वर ५ व्होल्ट, ८ ग्राउंड असं असतं. बहुतेक, सगळ्यांत नाही. म्हणून डबा चालू करून सॉकेटवरच मोजा: ८ च्या तुलनेत ६ वर ५ व्होल्ट यायलाच हवेत. येत नसतील तर जुन्या जॉयस्टिकच्या आत पाहा. सगळ्या बटणांना सामाईक असलेली तार ती ग्राउंड. तसाच नऊ पिनांचा प्लग सेगाच्या यंत्रांनाही असतो आणि त्याची मांडणी निराळी, हे ध्यानात ठेवा.

उरलेल्या तिघींत लॅच आणि क्लॉक ओळखायच्या तर: लॅच बहुतांश वेळ शून्यावर असते, क्लॉक बहुतांश वेळ ५ व्होल्टवर. मीटरवर तसंच दिसतं.

वायर पेटीत जिथे शिरते तिथे आतून गाठ मारा, किंवा केबल टायने आवळा. जुनी जॉयस्टिक नेमकी इथेच मेली होती.

परीक्षा

कॅसेट लावण्याआधी तिच्या सोनेरी पट्ट्या मेडिकलमधल्या स्पिरिटने कापसाचा बोळा ओला करून पुसा. फुंकर मारायची सवय सगळ्यांना आहे, पण तोंडाची वाफ त्या पट्ट्यांना गंज चढवते. फुंकरीने चालायची ती खरं तर काढून पुन्हा खोचल्यामुळे. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण डब्याखाली लिहिलेल्याशी ताडून घ्या. नव्या एलईडी टीव्हीला अँटेनाच्या वायरीपेक्षा पिवळ्या-पांढऱ्या एव्ही वायरीने जोडणं बरं. त्या टीव्हीवर बदकं मारायची बंदूक मात्र चालणार नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, तो बंदुकीतला डोळा टिपतो; जुन्या काचेच्या टीव्हीवर तो उजेड तत्क्षणी येतो, एलईडीवर चित्र थोडं मागे राहतं. बंदूक चालवायची असेल तर शेजारच्या माळ्यावरचा जुना टीव्हीही उतरवा.

जॉयस्टिकच्या परीक्षेला कॉन्ट्राइतका चांगला परीक्षक नाही. नावाचा पडदा आला की: वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. दोघं खेळणार असाल तर आता सिलेक्ट. मग स्टार्ट. सिलेक्ट दाबलं असेल तर आठही बटणं एकाच दमात तपासली गेली. तीस लाइफ मिळाली तर जोडणी पक्की. तीनच मिळाली तर कुठलं तरी बटण दोनदा लागतंय किंवा लागतच नाही. हा मंत्र कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ग्रॅडियस नावाच्या अवकाशयानाच्या खेळात घातला होता. खेळ तपासताना तो त्यांनाच फार अवघड जात होता, म्हणून सगळी शस्त्रं एकदम मिळवायची ही सोय. ती काढायची राहून गेली आणि जगभर पसरली.

दोन दिशा उलट निघाल्या तर चिपकडे पाहू नका, स्विचवरची नावं पाहा.

मग लगेच उडी मारून धावू नका. टँकचा खेळ लावा, नाम्कोने १९८५ मध्ये काढलेला. विटांच्या गल्लीतून रणगाडा न अडकता निघतो का, हे दांडी किती नेमकी आहे ते सांगतं. अडखळला तर मायक्रोस्विचची फट पाव-अर्ध्या मिलिमीटरने कमी करा.

टीव्हीगेमच नसेल तर

तीच पेटी मोबाइलला जोडता येते. ४०२१ आणि रेझिस्टर काढून टाका, त्यांच्या जागी रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड बसवा. त्यासाठी जीपी२०४०-सीई हे मोफत सॉफ्टवेअर मिळतं. बोर्डवरचं बूटसेल बटण दाबून धरत तो संगणकाला जोडायचा, पेन ड्राइव्हसारखी खिडकी उघडते, तीत फाइल टाकायची, झालं. जोडणी: जीपी २ वर, ३ खाली, ४ उजवी, ५ डावी, ६ आणि ७ मुख्य दोन बटणं, १६ सिलेक्ट, १७ स्टार्ट, प्रत्येक स्विचचं दुसरं टोक ग्राउंडला. हा बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो, तेव्हा तो टीव्हीगेमच्या प्लगला लावायचा नाही. ओटीजी वायरीने मोबाइलला लावला की वीजही मोबाइलच देतो, त्यामुळे रात्री लाइन गेली तरी खेळ चालू.

मोबाइलवर रेट्रोआर्कसारखं ॲप लागतं. जुने खेळ अजून कंपन्यांच्या मालकीचे आहेत. पण त्याच जुन्या यंत्रासाठी आजही नवे खेळ लिहिणारी माणसं आहेत आणि त्यांतले पुष्कळसे मोफत आहेत.

हात फिरवणं

सगळं चाललं की पेटीला काचपेपर मारून जवसाचं तेल लावा. कापडाच्या बोळ्याने पातळ थर, पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून काढायचा, दोन दिवसांनी पुन्हा. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप तापून पेट घेऊ शकतात. भोवऱ्याला तेल नको, हात घसरतो. पावसाळ्यात पेटीत तांदळाची छोटी पुरचुंडी ठेवण्यापेक्षा खालची पाटी काढून आठवड्यातून एकदा दिव्याखाली ठेवणं जास्त कामाचं.

सगळ्यात आधी सैल पडेल ते रबर. चार स्क्रू, नवा चौरस, साबणाचं पाणी. चपलेचा दुसरा पाय त्यासाठी जपून ठेवा.

दुसरी पेटी करणार असाल, आणि टँक एकट्याने खेळण्यात काही राम नाही म्हणून कराल, तर आधी दुसऱ्या सॉकेटवर पाचही तारा येतात का ते मोजा. काही डब्यांत दुसऱ्या खेळाडूची वायर आतच सोल्डर केलेली असते, तिथे डबा उघडावा लागतो. सिलेक्ट आणि स्टार्टचे बेल पुश दुसऱ्या पेटीत वगळले तरी चालतात, पण मग १३ आणि १४ वरचे रेझिस्टर तसेच ठेवा, ते पाय मोकळे सोडू नका. आणि घरात कुणी डावखुरं असेल तर ही दुसरी पेटी आरशातल्यासारखी उलटी करा: दांडी उजवीकडे, बटणं डावीकडे.